अन्वर सादात आणि इजिप्त-इस्रायल शांतता : एका एकहाती निर्णयाचे ऐतिहासिक मूल्यमापन

प्रस्तावना

पदवी वर्गाच्या 'आधुनिक जगाचा इतिहास' या विषयात अन्वर सादात यांचे नाव सामान्यतः दोन ठिकाणी येते. एकदा १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धाच्या संदर्भात आणि दुसऱ्यांदा १९७८ च्या कॅम्प डेव्हिड कराराच्या संदर्भात. त्यातही कॅम्प डेव्हिड हा विषय बहुधा 'टिपा लिहा' या प्रश्नापुरताच उरतो. युद्ध करणारा राष्ट्राध्यक्ष पुढे शांततेकडे वळला, त्याला नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच्याच देशातील माथेफिरूंनी त्याची हत्या केली, अशी एक सरळ व नीटस कथा विद्यार्थ्यांच्या हाती पडते. या कथेतील घटना खऱ्या आहेत. त्यांची जुळणी मात्र तपासून पाहण्याजोगी आहे.

प्रस्तुत लेखात सादात यांच्या शांतताविषयक धोरणाचा विचार एका मर्यादित प्रश्नाच्या अनुषंगाने केला आहे. जी शांतता एका व्यक्तीने, जवळजवळ कोणालाही विश्वासात न घेता, आपल्या देशाच्या वतीने स्वीकारली, तिचे पुढे काय झाले? इजिप्त व इस्रायल यांच्यातील तह चार दशकांहून अधिक काळ टिकून आहे, हे नाकारता येत नाही. परंतु तो इजिप्शियन समाजाने आपला मानला नाही, हेही तितकेच खरे. या दोन्ही गोष्टींचे मूळ सादात यांच्या निर्णयपद्धतीतच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या पद्धतीचा त्यांच्या अखेरच्या वर्षांतील दडपशाहीशीही निकटचा संबंध होता.

पूर्वायुष्य व जडणघडण

सादात यांचा जन्म २५ डिसेंबर १९१८ रोजी नाईल नदीच्या त्रिभुज प्रदेशातील मित अबू अल-कोम या खेड्यात झाला. वडील इजिप्शियन, तर आईचे घराणे मूळ सुदानचे. तेरा भावंडांचे हे कुटुंब पुढे कैरोला आले. १९३८ मध्ये ते लष्करी अकादमीतून अधिकारी म्हणून बाहेर पडले आणि त्यानंतर लवकरच गमाल अब्देल नासर यांच्याशी त्यांची ओळख झाली.

सादात यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रातील एक आठवण भारतीय वाचकाचे लक्ष वेधून घेते. गोलमेज परिषदेसाठी लंडनला जाताना महात्मा गांधी १९३१ मध्ये सुएझ कालव्यातून गेले. त्या वेळी इजिप्तमधील वृत्तपत्रे त्यांच्या वृत्तांताने भरून गेली होती. त्या प्रभावाखाली शाळकरी सादात यांनी अंगावरचे कपडे उतरवून कमरेला एक वस्त्र गुंडाळले, हाताने एक चाती तयार केली आणि घराच्या गच्चीवर एका कोपऱ्यात जाऊन बसले. कैरोच्या थंडीत मुलगा आजारी पडेल म्हणून वडिलांनी त्यांना समजावून खाली आणले. या आठवणीवरून सादात यांना गांधीवादी ठरविण्याचा मोह टाळावयास हवा. याच मुलाने तारुण्यात केमाल अतातुर्क यांना आदर्श मानले आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांना शह देण्यासाठी जर्मन हेरांशी संधान बांधले. १९४२ मध्ये त्याबद्दल त्यांना अटक झाली. पुढे अमीन उस्मान या ब्रिटिशधार्जिण्या माजी मंत्र्याच्या हत्येच्या खटल्यात ते पुन्हा तुरुंगात गेले आणि १९४८ मध्ये निर्दोष सुटले. कैरो मध्यवर्ती तुरुंगातील ५४ क्रमांकाच्या कोठडीत आपल्या विचारांना वळण मिळाले, असे ते पुढे वारंवार सांगत. गच्चीवरच्या त्या प्रसंगातून दिसते ती एक वेगळी गोष्ट : एखाद्या भूमिकेत संपूर्णपणे शिरण्याची त्यांची वृत्ती. तरुणपणी त्यांना अभिनयाची हौस होती, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

२३ जुलै १९५२ रोजी लष्करी क्रांतीची घोषणा नभोवाणीवरून वाचून दाखविली ती सादात यांनीच. परंतु नासर यांच्या अठरा वर्षांच्या राजवटीत ते दुसऱ्या फळीतच राहिले. संसदेचे सभापती, काही काळ उपराष्ट्राध्यक्ष, अशी पदे त्यांना मिळाली, मात्र निर्णयप्रक्रियेत त्यांना फारसे स्थान नव्हते. २८ सप्टेंबर १९७० रोजी नासर यांचे निधन झाले आणि सादात राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा ते फार काळ टिकणार नाहीत अशीच सार्वत्रिक समजूत होती. त्यांना कमी लेखणाऱ्या अली साबरी प्रभृती सहकाऱ्यांना त्यांनी मे १९७१ मध्ये एका फटक्यात तुरुंगात टाकले. हा निर्णयही गुप्ततेने व अनपेक्षितपणे घेतलेला होता. पुढील दहा वर्षांच्या कार्यपद्धतीची ती नांदी होती.

युद्धापूर्वीचा शांतताप्रस्ताव

सादात युद्धानंतर शांततेकडे वळले, ही समजूत कालक्रमाच्या दृष्टीनेच सदोष आहे. १९६७ च्या युद्धात इस्रायलने सिनाई द्वीपकल्प घेतला होता. सुमारे ६० हजार चौरस किलोमीटरचा हा प्रदेश म्हणजे खुद्द इस्रायलच्या जवळजवळ तिप्पट क्षेत्रफळाचा. सुएझ कालवा ही युद्धरेषा बनली होती. (कालवा जून १९६७ ते जून १९७५ अशी आठ वर्षे बंद राहिला. या काळात मुंबईहून युरोपला जाणाऱ्या जहाजांना केप ऑफ गुड होपला वळसा घालावा लागे आणि लंडनपर्यंतचा प्रवास चार हजारांहून अधिक सागरी मैलांनी वाढे. पश्चिम आशियातील संघर्षाची झळ आपल्या व्यापाराला अशी थेट पोहोचत होती, याचा उल्लेख आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतो.)

सत्तेवर येऊन चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा ४ फेब्रुवारी १९७१ रोजी सादात यांनी संसदेत एक प्रस्ताव मांडला. इस्रायलने कालव्याच्या पूर्व किनाऱ्यावरून अंशतः माघार घ्यावी, इजिप्त कालवा वाहतुकीस खुला करील, असा त्याचा आशय होता. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांचे दूत गुन्नार यारिंग यांना दिलेल्या उत्तरात इजिप्तने, इस्रायलने व्याप्त प्रदेश सोडण्यासह आपली बंधने स्वीकारल्यास त्याच्याशी शांतता करार करण्याची तयारी लेखी कळविली. कोणत्याही प्रमुख अरब राष्ट्राने असे शब्द अधिकृतपणे वापरण्याची ही पहिलीच वेळ होती. ५ जून १९६७ पूर्वीच्या रेषेपर्यंत माघार घेणार नाही, असे गोल्डा मायर यांच्या सरकारने स्पष्ट केले आणि बोलणी तेथेच थांबली.

हे सरकार असे का वागले, यावर इस्रायली इतिहासकारांतही मतभेद आहेत. परंतु लष्करीदृष्ट्या दुबळ्या इजिप्तच्या शब्दाला वजन नाही, हा धडा सादात यांनी त्यातून घेतला. जुलै १९७२ मध्ये त्यांनी हजारो सोव्हिएत लष्करी सल्लागारांना देशाबाहेर जाण्यास सांगितले. या निर्णयाची किंमत म्हणून अमेरिकेकडून काही पदरात पाडून घेण्याची सौदेबाजीही त्यांनी केली नाही, याचे खुद्द हेन्री किसिंजर यांना आश्चर्य वाटले होते. आणि ६ ऑक्टोबर १९७३ रोजी, रमजान महिन्यात व यहुद्यांच्या योम किप्पुर या पवित्र दिवशी, इजिप्तचे सैन्य कालवा ओलांडून गेले. कालव्याच्या काठावरील इस्रायली बांधणीचा वाळूचा प्रचंड बांध तोफांनी फोडण्याऐवजी उच्च दाबाच्या पाण्याच्या पंपांनी कापून काढण्यात आला. ही कल्पना आस्वान धरणाच्या बांधकामाचा अनुभव असलेल्या एका लष्करी अभियंत्याची होती. पहिल्या काही दिवसांचे यश निर्विवाद होते. मात्र युद्धाच्या उत्तरार्धात इस्रायली सैन्य कालव्याच्या पश्चिमेस उतरले आणि इजिप्तच्या तिसऱ्या सेनेला त्याने वेढा घातला. सादात यांचे धाकटे सावत्र बंधू आतिफ हे वैमानिक होते. युद्धाच्या पहिल्याच दिवशी ते मारले गेले. इस्रायलचे अडीच हजारांहून अधिक सैनिक या युद्धात पडले आणि इजिप्तची हानी त्याहून मोठी होती.

आपल्या महाराष्ट्राचाही या रणभूमीशी एक दूरचा धागा आहे. कोकणातून स्थलांतरित झालेल्या बेने इस्रायल समाजाची अनेक मराठीभाषक कुटुंबे दक्षिण इस्रायलमधील बीरशेबा, दिमोना, अश्दोद या गावांत स्थायिक झाली होती. तेथे लष्करी सेवा सक्तीची असल्याने त्या घरांतील तरुणही याच युद्धांच्या छायेत वाढले.

१९७३ च्या युद्धाने सादात यांना जे हवे होते ते दिले : बोलणी करण्याइतकी प्रतिष्ठा. कैरो-सुएझ रस्त्यावरील १०१ व्या किलोमीटरच्या दगडापाशी तंबूत दोन्ही सैन्यांचे अधिकारी समोरासमोर बसले. १९७४ व १९७५ मध्ये सैन्य मागे घेण्याचे दोन करार झाले. त्यांपैकी दुसऱ्याने सिनाईतील खिंडी व अबू रुदैस येथील तेलक्षेत्र इजिप्तला परत मिळाले. ५ जून १९७५ रोजी कालवा पुन्हा वाहू लागला.

जेरुसलेमची वाट

यानंतरची दोन वर्षे सादात यांच्यासाठी कठीण ठरली. 'इन्फिताह' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खुल्या आर्थिक धोरणाने कैरोत आयात वस्तूंची दुकाने वाढली, पण सामान्य माणसाची मिळकत वाढली नाही. जानेवारी १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या आग्रहावरून पीठ, तांदूळ, साखर, तेल आदी जिनसांवरील अनुदाने कमी करण्यात आली आणि १८ व १९ जानेवारीला अलेक्झांड्रियापासून आस्वानपर्यंत लोक रस्त्यावर उतरले. सत्तरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सैन्याला पाचारण करावे लागले आणि भाववाढ तत्काळ मागे घेण्यात आली. सादात यांनी या उठावाला 'चोरांचा उठाव' म्हटले. परंतु दर काही वर्षांनी युद्ध करणारा देश आपल्या लोकांना भाकरी देऊ शकत नाही, हे गणित त्यांना उमगले नसेल असे मानणे कठीण आहे. जेरुसलेम भेटीची कारणमीमांसा करताना या दोन दिवसांना जेवढे महत्त्व मिळावयास हवे तेवढे ते सहसा दिले जात नाही.

पडद्यामागे हालचाली चालू होत्या. इस्रायलचे परराष्ट्रमंत्री मोशे दायान यांनी सप्टेंबर १९७७ मध्ये मोरोक्कोत सादात यांचे विश्वासू हसन तुहामी यांची गुप्त भेट घेतली. (त्याच्या आदल्याच महिन्यात दायान गुप्तपणे भारतात येऊन पंतप्रधान मोरारजी देसाई यांना भेटून गेले होते. इस्रायलचे भारतातील एकमेव कार्यालय तेव्हा मुंबईतील वाणिज्य दूतावास हेच होते आणि पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ मध्ये प्रस्थापित झाले.)

९ नोव्हेंबर १९७७ रोजी संसदेतील भाषणात सादात यांनी सांगितले की, शांततेसाठी आपण पृथ्वीच्या टोकापर्यंत, अगदी इस्रायलच्या संसदेपर्यंतही जाण्यास तयार आहोत. सभागृहात यासर अराफत उपस्थित होते. सदस्यांनी टाळ्या वाजविल्या; अलंकारिक बोलणे म्हणून बहुतेकांनी ते सोडून दिले. परंतु मेनाचेम बेगिन यांचे निमंत्रण आले आणि सादात यांनी ते स्वीकारले. सीरियाचे अध्यक्ष हाफेज अल-असद यांची समजूत घालण्याचा दमास्कस येथील प्रयत्न फसला. परराष्ट्रमंत्री इस्माईल फाहमी यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी ज्यांचे नाव पुढे आले, त्या महंमद रियाद यांनीही काही तासांतच पद सोडले. अखेर बुत्रोस बुत्रोस-घाली या प्राध्यापकाला, पुढील काळातील संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना, सोबत नेण्यात आले.

१९ नोव्हेंबर १९७७ रोजी, शनिवारी सायंकाळी शब्बाथ संपल्यावर, सादात यांचे विमान बेन गुरियन विमानतळावर उतरले. जो देश आपल्या लेखी अस्तित्वातच नाही असे इजिप्तने तीस वर्षे म्हटले, त्या देशाच्या राष्ट्रगीतासमोर इजिप्तचा राष्ट्राध्यक्ष उभा राहिला. स्वागताच्या रांगेत गोल्डा मायर होत्या, दायान होते आणि १९७३ मध्ये कालवा ओलांडून आलेले आरिएल शॅरनही होते. दुसऱ्या दिवशी बकरी ईद होती. सादात यांनी अल-अक्सा मशिदीत नमाज अदा केली, यहुदी संहाराच्या स्मारकाला भेट दिली आणि दुपारी केनेसेटमध्ये अरबी भाषेत भाषण केले.

हे भाषण मुळातून वाचणे आवश्यक आहे, कारण त्याविषयीच्या आठवणी मवाळ आहेत आणि मजकूर मात्र कठोर आहे. आपण इजिप्तपुरता स्वतंत्र करार करण्यास आलेलो नाही, असे त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केले. अरब जेरुसलेमसह १९६७ मध्ये घेतलेल्या सर्व प्रदेशांतून माघार आणि पॅलेस्टिनी जनतेचा स्वतःच्या राज्याचा हक्क या दोन गोष्टींवर त्यांनी तडजोड देऊ केली नाही. त्याच वेळी दोन्ही समाजांमधील मानसिक भिंत हा एकूण समस्येचा सत्तर टक्के भाग आहे, असेही त्यांनी सांगितले. सत्तर हा आकडा कोठून आला, हे विचारण्यात अर्थ नाही. ती भिंत केवळ आपल्या उपस्थितीने पाडता येईल, असा त्यांचा विश्वास होता. इस्रायली समाजाच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी खरा ठरला. मार्च १९७८ मध्ये ३४८ राखीव सैनिकी अधिकाऱ्यांनी बेगिन यांना खुले पत्र लिहून विस्तारापेक्षा शांततेला प्राधान्य देण्याची मागणी केली. त्यातूनच 'पीस नाऊ' ही चळवळ उभी राहिली. इजिप्तमध्ये मात्र अशी चळवळ उभी राहिली नाही. तेथे स्वतंत्र चळवळींना वावच नव्हता.

कॅम्प डेव्हिड : तेरा दिवस

५ ते १७ सप्टेंबर १९७८ या काळात अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सादात व बेगिन यांना कॅम्प डेव्हिड येथे एकत्र ठेवले. पहिल्या काही दिवसांतच दोघांची समोरासमोर बोलणी अशक्य झाली आणि कार्टर एका निवासातून दुसऱ्या निवासात मसुदे नेऊ लागले. अकराव्या दिवशी सादात यांनी सामान बांधले होते. कार्टर यांनी व्यक्तिगत मैत्रीचा हवाला देऊन त्यांना थांबविले.

या तेरा दिवसांची जी वर्णने उपलब्ध आहेत, त्यांत एक गोष्ट ठळकपणे समोर येते. बेगिन यांचे शिष्टमंडळ त्यांच्यापेक्षा मवाळ होते. दायान व एझर वाइझमन हे पंतप्रधानांना तडजोडीकडे ओढत होते. सादात यांचे शिष्टमंडळ त्यांच्यापेक्षा कडक होते आणि म्हणून सादात त्याला टाळून एकटेच कार्टर यांना भेटत. परिणामी बेगिन यांना 'माझे सहकारी, माझी संसद हे मान्य करणार नाही' असे म्हणण्याची सोय होती. सादात यांनी ती स्वतःच गमावली होती. वाटाघाटीत एकट्या माणसाची ताकद हीच त्याची कमजोरी ठरते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. तिसरे परराष्ट्रमंत्री महंमद इब्राहिम कामेल हे सादात यांचे तुरुंगातील जुने सोबती. त्यांनी करारावर स्वाक्षऱ्या होण्यापूर्वीच राजीनामा दिला आणि समारंभाला ते गैरहजर राहिले. दहा महिन्यांत तीन परराष्ट्रमंत्री गेले.

करार दोन भागांत होता. इजिप्त-इस्रायल तहाची चौकट नेमकी होती : सिनाईतून संपूर्ण माघार, वसाहती उठविणे, राजनैतिक संबंध. पश्चिम किनारा व गाझा यांविषयीची चौकट संदिग्ध होती : निवडून आलेले स्वशासन, पाच वर्षांचा संक्रमण काळ आणि त्यानंतर अंतिम दर्जाविषयी बोलणी. या दोहोंना बांधणारे कलम नव्हते. नव्या वसाहती थांबविण्याचे आश्वासन बोलणी संपेपर्यंतचे होते असे कार्टर यांचे म्हणणे, तर ते केवळ तीन महिन्यांचे होते असे बेगिन यांचे. पॅलेस्टिनी जनतेचे भवितव्य या एका मतभेदात अडकून पडले.

यानंतर दोन्ही देशांत या कराराला मान्यता कशी मिळाली, याची तुलना उद्बोधक आहे. केनेसेटमध्ये रात्रभर लांबलेल्या वादळी चर्चेनंतर ८४ विरुद्ध १९ अशा मतांनी करार संमत झाला. १७ सदस्य तटस्थ राहिले आणि विरोध करणाऱ्यांत बेगिन यांच्या स्वतःच्या पक्षातील सदस्यही होते. २६ मार्च १९७९ रोजी वॉशिंग्टन येथे तहावर स्वाक्षऱ्या झाल्या. इजिप्तमध्ये संसदेतील पंधराच्या आसपास सदस्यांनी विरोधी मत दिले. सार्वमत घेण्यात आले आणि अधिकृत आकड्यानुसार ९९ टक्क्यांहून अधिक मते तहाच्या बाजूने पडली. लगेच संसद विसर्जित झाली आणि जूनमधील निवडणुकीत विरोधी मत देणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पराभव झाला. ८४ विरुद्ध १९ हा आकडा खऱ्या मतभेदाची साक्ष देतो. ९९ टक्के हा आकडा कशाचीच साक्ष देत नाही. इजिप्शियन जनतेला शांतता नको होती असा याचा अर्थ नव्हे. चार युद्धांनी थकलेल्या कुटुंबांनी जेरुसलेमहून परतणाऱ्या सादात यांचे कैरोच्या रस्त्यांवर मनापासून स्वागत केले होते. पण त्या भावनेला विचार, वाद आणि संमती यांची जोड देण्याची संधी त्यांना मिळाली नाही.

अरब लीगने इजिप्तचे सदस्यत्व स्थगित केले आणि आपले मुख्यालय कैरोहून ट्यूनिसला हलविले. १९७८ चे नोबेल शांतता पारितोषिक सादात व बेगिन यांना विभागून जाहीर झाले होते, पण सादात ते स्वीकारण्यास स्वतः गेले नाहीत; त्यांनी सय्यद मरेई यांना पाठविले. ज्याच्याबरोबरचा तह अजून पुरा व्हायचा होता, त्याच्या शेजारी पारितोषिक घेण्याची त्यांची तयारी नसावी.

अखेरची वर्षे

सादात यांच्या चरित्राचे हे पर्व शांततापर्वापासून वेगळे काढून लिहिण्याची प्रथा आहे. बाहेर उदार, घरात कठोर, असे त्याचे वर्णन केले जाते. हे विभाजन पटत नाही. विरोधी मत म्हणजे अडथळा, तो ओलांडून जायचा असतो, हा जो स्वभाव जेरुसलेमला घेऊन गेला, तोच स्वभाव १९८१ च्या सप्टेंबरमध्येही दिसतो.

स्वायत्ततेच्या वाटाघाटी पुढे सरकत नव्हत्या. जुलै १९८० मध्ये केनेसेटने संपूर्ण जेरुसलेम ही इस्रायलची राजधानी असल्याचा कायदा केला. जून १९८१ मध्ये शर्म अल-शेख येथे सादात व बेगिन भेटले आणि तीनच दिवसांनी इस्रायली विमानांनी इराकची अणुभट्टी उद्ध्वस्त केली. सादात यांना याची कल्पना असावी, असा समज अरब जगात पसरला. देशात महागाई होती, कॉप्टिक ख्रिस्ती व मुस्लिम यांच्यात कैरोमध्ये दंगल उसळली होती. ज्या धार्मिक गटांना डाव्यांविरुद्ध सादात यांनीच मोकळीक दिली होती, ते आता त्यांच्याच विरोधात उभे होते. १९८० च्या घटनादुरुस्तीने शरियतला कायद्याचा प्रमुख आधार मानून त्यांनी या गटांना खूश करण्याचा प्रयत्न केला होता आणि त्याच दुरुस्तीने राष्ट्राध्यक्षपदाच्या मुदतीची मर्यादाही काढून टाकली होती.

सप्टेंबर १९८१ च्या पहिल्या आठवड्यात दीड हजारांहून अधिक व्यक्तींना अटक झाली. त्यांत मुस्लिम ब्रदरहूडचे नेते होते, समाजवादी होते, वकील होते, पत्रकार महंमद हसनैन हेकल होते, लेखिका नवाल अल-सादावी होत्या. कॉप्टिक धर्मगुरू तिसरे शेनूदा यांना वादी नत्रून येथील मठात स्थानबद्ध करण्यात आले. देशातील जवळजवळ प्रत्येक विचारप्रवाहाचा प्रतिनिधी तुरुंगात होता.

महिनाभराने, ६ ऑक्टोबर १९८१ रोजी, कालवा ओलांडल्याच्या आठव्या वर्धापनदिनी, संचलन पाहत असताना सादात यांच्यावर लेफ्टनंट खालिद इस्लामबूली व त्याच्या साथीदारांनी गोळ्या झाडल्या. इस्लामबूलीचा भाऊ सप्टेंबरच्या अटकसत्रात सापडला होता. खटल्यात त्याने हत्येची तीन कारणे सांगितल्याची नोंद आहे : देशाचे कायदे शरियतशी विसंगत आहेत, यहुद्यांशी तह केला, आणि धर्मपंडितांना अटक करून त्यांचा अवमान केला. तह हे या तिहींपैकी एक कारण होते. 'शांततेसाठी हौतात्म्य' हा शब्दप्रयोग करताना उरलेली दोन कारणेही नजरेसमोर असावीत.

अंत्यविधीला रिचर्ड निक्सन, जेराल्ड फोर्ड व जिमी कार्टर हे अमेरिकेचे तीन माजी अध्यक्ष आले. बेगिन आले. अरब राष्ट्रप्रमुखांपैकी सुदानच्या निमेरी यांच्याव्यतिरिक्त जवळजवळ कोणी आले नाही. अकरा वर्षांपूर्वी नासर यांच्या अंत्ययात्रेत लाखो लोकांनी कैरोचे रस्ते भरून टाकले होते. सादात यांची अंत्ययात्रा कडेकोट बंदोबस्तात, मोकळ्या रस्त्यावरून गेली. आपल्याकडे नासर यांची प्रतिमा नेहरू-टिटो यांच्या पंक्तीतील अलिप्ततावादी नेते म्हणून घट्ट रुजलेली असल्याने, सादात यांच्याकडे पाहताना भारतीय अभ्यासकही कळत-नकळत हीच तुलना मनात ठेवतात. ती सादात यांच्यावर काहीशी अन्याय करणारी आहे. नासर यांनी सिनाई गमावला होता.

तहाचे पुढील आयुष्य

२५ एप्रिल १९८२ रोजी सिनाईचा उरलेला प्रदेश इजिप्तच्या ताब्यात आला. यामित येथील इस्रायली वसाहतवाल्यांना त्यांच्याच सैन्याने उचलून बाहेर काढले. ताबा या चिमुकल्या किनारपट्टीचा वाद आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेला आणि १९८९ मध्ये तीही परत मिळाली. एकही गोळी न झाडता. १९६७ मध्ये गमावलेला संपूर्ण प्रदेश, गाझा पट्टी वगळता, वाटाघाटींनी परत मिळविणारे इजिप्त हे एकमेव अरब राष्ट्र ठरले. त्याच वर्षी अरब लीगने त्याला पुन्हा सामावून घेतले.

तहाची कसोटी अनेकदा लागली. सिनाई परत मिळाल्यावर दीड महिन्यात इस्रायलने लेबनॉनवर आक्रमण केले. बैरूतमधील साब्रा व शातिला येथील हत्याकांडानंतर होस्नी मुबारक यांनी राजदूताला परत बोलाविले, तह मोडला नाही. २०११ च्या क्रांतीनंतर सप्टेंबरमध्ये कैरोतील इस्रायली दूतावासावर जमाव चालून गेला. २०१२ मध्ये ब्रदरहूडचे महंमद मोर्सी निवडून आले आणि त्यांनीही तह कायम ठेवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या गाझातील युद्धात इजिप्तच्या सरहद्दीला लागून अभूतपूर्व संहार घडला, तरी तह रद्द झाला नाही. दोन राज्यांमधील हिशेब म्हणून सादात यांचा निर्णय पक्का होता.

समाजाच्या पातळीवर मात्र हिशेब वेगळा आहे. इजिप्तमधील पत्रकार, वकील, कलावंत यांच्या व्यावसायिक संघटनांनी इस्रायलशी संबंध ठेवण्यावर बहिष्कार टाकला. 'थंड शांतता' हा शब्द रूढ झाला. हेकल यांनी १९८३ मध्ये सादात यांच्यावर लिहिलेला ग्रंथ कडवट आहे, एकांगीही आहे. परंतु तुरुंगात टाकलेल्या माणसाकडून समतोलाची अपेक्षा किती करावी? मुबारक यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये हेकल व इतर काही कैद्यांना थेट राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात भेटीसाठी बोलावून मुक्त केले. हत्येनंतर लावलेली आणीबाणी मात्र २०१२ पर्यंत, म्हणजे मुबारक यांच्या पतनानंतरही, चालू राहिली. सादात यांच्या वारशात हीसुद्धा धरावी लागते.

केनेसेटमधील भाषणात ज्या पॅलेस्टिनी प्रश्नाला सादात यांनी संघर्षाचा गाभा म्हटले होते, तो सोडविण्यासाठी कॅम्प डेव्हिडने आखलेला पाच वर्षांचा संक्रमण काळ कधी सुरूच झाला नाही. १९९३ च्या ऑस्लो कराराने स्वशासन व पाच वर्षांचा संक्रमण काळ ही जवळजवळ तीच रचना पुन्हा उचलली. या वेळी पॅलेस्टिनी नेतृत्व स्वतः स्वाक्षरीला होते. त्यावर स्वाक्षरीची जबाबदारी घेणारे इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांची ४ नोव्हेंबर १९९५ रोजी एका इस्रायली तरुणानेच हत्या केली. नव्या कराराची पाच वर्षे मे १९९९ मध्ये पूर्ण झाली, तेव्हा जेरुसलेम, वसाहती आणि निर्वासित या तिन्ही विषयांवरील बोलणी अपुरीच होती.